मोहन घातलेल्या तोर्तेलोनी

अण्णा, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, अजून थोडे दिवस इथे राहू का म्हणून. मी सांगितलं की इथलं ऑफिस नाही म्हणतंय, आणि तुम्ही परत गेलात. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझेच केस पिकले, पण ही एक गोष्ट घशात अडकलेल्या काट्यासारखी राहिली आहे. काल भोपळा भाजायला ओव्हनमध्ये ठेवला आणि त्याचा वास घरभर सुटला, तेव्हा ठरवलं, की आता लिहून टाकायचं. पण एकदम तिथे जायला हात धजत नाही, म्हणून आधी स्वयंपाकघराबद्दल लिहिते. तुम्ही शेवटी शेवटी जे काही होतात, ते जर्मनीतल्या माझ्या त्या एर्लांगेनच्या वीतभर स्वयंपाकघरातच होतात.

आई गेल्यावर सातव्या महिन्यात तुम्ही आलात, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्या उन्हाळ्यात इथे फुटबॉलचा मोठा सोहळा होऊन गेला होता आणि समोरच्या बाल्कन्यांत झेंडे अजून लटकत होते, उन्हाने विटलेले. तुम्ही विचारलंत, "इथे पंधरा ऑगस्ट इतके दिवस चालतो का गं?" मग बॅग उघडलीत. कपडे दोन जोड, बाकी सगळा शिधा! तांदूळ, तुरीची डाळ, पोहे, चहाची पूड, गुळाची ढेप, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तुपाची बरणी. तुमचे जावई म्हणाले, "अण्णा, अहो इथे सगळं मिळतं. इंडियन शॉप आहे ना न्युर्नबेर्गला." तुम्ही मान हलवलीत. "मिळत असेल. पण लेकीच्या घरी तीन महिने बसून खायचं म्हणजे आपला शिधा आपण आणायचा. आमच्यात तशी रीत आहे." ते गालात हसले. मला मात्र चीड आली. रीत कसली अण्णा, तुमचा तो हेका होता. मोडेन पण वाकणार नाही, हा तुमचा बाणा आईने अडतीस वर्षं सोसला होता, आणि आता तो किलो-किलोने माझ्या फडताळात येऊन बसला होता.

हे मी रागाने लिहितेय, मला कळतंय. तो राग समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून ती नागपंचमीही लिहिते. मी दहावीत आहे. नागपंचमीला आपल्याकडे काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून आई पुरणाची दिंडं करतेय. पारी लाटायची, मधे पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखी मिटायची आणि वाफवायची. आत्याच्या घरचे सगळे जेवायला आले आहेत, पंगतीला चौदा पानं आहेत, आणि आईच्या अंगात ताप आहे. तुम्ही मधल्या खोलीत आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकताय, पाणी आणा, पाट मांडा, तूप कढवलं का. तुमच्या पानात वाढलेल्या दिंडाची कड सुटते आणि पुरण वरणात येतं. तुम्ही ताट पुढे सरकवून सगळ्यांसमोर म्हणता, "इतकी वर्षं झाली, अजून हिला धड पारी मिटता येत नाही." आत्या हसते. ते फुटलेलं दिंड उचलून आई आपल्या ताटात घेते आणि तुम्हाला दुसरं वाढते. बास, एवढंच झालं. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, कधी दारूला शिवला नाहीत, लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. पण स्वयंपाकघराचा उंबरा तुम्ही ओलांडलेला मी कधीही पाहिला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायचा.

तर तुमचा शिधा पाचव्या आठवड्यात संपला. त्या दिवसापासून तुम्ही अस्वस्थ झालात. मी ऑफिसला निघाले की विचारायचं, "काही काम असलं तर सांगून जा." मी म्हणायचे, आराम करा. एका शनिवारी तुम्ही खिडकीतून पाहिलंत, तळमजल्यावरची म्हातारी इटालियन बाई भोपळ्यांनी भरलेलं खोकं इमारतीच्या दारापुढच्या पायऱ्यांवरून ओढत होती. तुम्ही चपला न घालता धावलात. दोन तास तुमचा पत्ता नाही. शेवटी मी खाली गेले, तर तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात बाह्या दुमडून उभे, हाताला कोपरापर्यंत पीठ, आणि ती बाई तुमच्याकडे बघून म्हणतेय, "लांगझाम, लांगझाम," सावकाश, सावकाश. तुमच्यापुढे हळदीच्या रंगाच्या पारीचे चौकोन पसरले होते.

तिचा मुलगा इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात होता आणि दर रविवारी जेवायला यायचा. त्याच्यासाठी ती आपल्या माहेरच्या, मांतोव्हाकडच्या पद्धतीच्या भोपळ्याच्या तोर्तेलोनी करायची. बारक्या तोर्तेलिनी इथे दुकानात पाकिटात मिळतात, त्या नव्हेत. या मोठ्या, एका ताटलीत सहाच मावतील अशा. भाजलेल्या लाल भोपळ्याचं सारण, त्यात किसलेलं चीज, जायफळ आणि बदामाच्या बिस्किटांचा चुरा. पारीचा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायचा, कडा दाबायच्या, मग तो त्रिकोण बोटाभोवती वळवून दोन टोकं एकमेकांवर चिकटवायची आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. वरून लोणी, लोण्यात परतलेली सेज नावाच्या वासाच्या पाल्याची पानं. बाईला सगळं यायचं, पण संधिवाताने तिचे अंगठे वाकडे झाले होते आणि टोकं चिकटत नव्हती. तिला बोटं हवी होती, तुम्हाला काम हवं होतं. तिला मराठी येत नव्हतं, तुम्हाला जर्मन येत नव्हतं, आणि तुमचं दोघांचं उत्तम चाललं होतं. तुम्ही मला म्हणालात, "अगं, हे तर घारग्यांचा भोपळा करंजीत घातल्यासारखं आहे. फक्त मिटायची कला वेगळी."

मग दर शनिवारी तेच. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं धरणांचे नकाशे काढलेले तुमचे हात, ते पिठावर बसले की बघत राहावं असे चालायचे. तुम्ही माझ्याकडून पट्टी मागून घेतलीत आणि पारीवर सुरीच्या टोकाने नऊ-नऊ सेंटिमीटरचे चौकोन आखायला लागलात. बाई कपाळावर हात मारायची, "मादोन्ना!" पण तिच्या मुलाला फरक कळला, म्हणे. तुमच्यासाठी ती अंडं न घालता पीठ वेगळं भिजवायची, आणि त्यातल्या बारा तोर्तेलोनी तुम्ही मोठ्या ताटात घालून, वर फडकं टाकून, तीन मजले चढून आणायचात. दारातूनच सांगायचात, "घे. आता मी तुझ्या घरी फुकट जेवत नाही." जावई मिटक्या मारत खायचे. मला म्हणायचे, "किती छान रमलेत अण्णा. तू खूश का नाहीस?"

मी खूश नव्हते. त्यांना काय सांगणार? त्या म्हाताऱ्या बाईचं मला काही वाटत नव्हतं, ती भली होती. मला तुमचे हात बघवत नव्हते. प्रत्येक शनिवारी मनात एकच यायचं, की आई तापात चौदा पानं वाढत होती तेव्हा हे हात कुठे होते? तुम्ही शिट्टी वाजवत पीठ मळायचात, आणि मला वाटायचं, आईच्या अंगावर कुणीतरी पाय देऊन उभं आहे. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही शिकत होतात, जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी हाताखाली काम करत होतात, आणि मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

नोव्हेंबरातला तो शनिवार. बाई मुलाकडे गेली आहे. तुम्ही जाहीर करता, आज मी एकटा करणार, तुम्ही दोघं बाहेर बसा. आम्ही बसतो. दार लोटलेलं आहे, आतून भांड्यांचे आवाज येतात, मधेच काहीतरी चुरचुरतं. तासाभराने तुमची हाक येते, "अगं, जरा ये बघू, हे काय झालं?" पातेल्यात पाणी नव्हतंच, भोपळ्याचं पिठलं होतं. एकूण एक तोर्तेलोनी फुटली होती आणि पारीचे कपचे वर तरंगत होते. तुम्ही हसत होतात. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी विचारलं, पिठात काय घातलं होतंत? "मोहन," तुम्ही म्हणालात. "कडकडीत तुपाचं. करंजीला घालतात तसं."

अण्णा, करंजी तळायची असते, मोहन तिला खुसखुशीत करतं. पाण्यात शिजवायच्या पिठात तूप गेलं की ते धरून राहत नाही, मोडतं. हे जर्मनीतल्या कुठल्याही माणसाच्या हातून झालं नसतं, इटलीतल्या तर नाहीच. आपल्या घरात वाढलेल्या माणसालाच ते सुचणार. मी तुम्हाला तेवढंच सांगायला हवं होतं आणि तुमच्याबरोबर हसायला हवं होतं. पण तुम्ही पुढे बोललात. "तुझी आई दोन डाव घालायची. पिठात तूप पडलं की चुर्र आवाज यायचा. मी बाहेर खुर्चीत ऐकायचो."

"ऐकायचात!" मी म्हणाले. "अडतीस वर्षं ऐकलंत. एकदा आत येऊन तिच्या हातातलं लाटणं घेतलं नाहीत. तापात दिंडं करत होती तेव्हा सगळ्यांसमोर तिच्या पारीला नावं ठेवलीत. आणि आता इथे परक्या बाईकडे जाऊन पिठात हात घालताय. हे वरातीमागून घोडं मला बघवत नाही, अण्णा." जावई दारात आले होते. ते "अगं, अगं" म्हणाले आणि थांबले. तुम्ही शेगडी बंद केलीत. झाऱ्याने फुटलेले तुकडे एकेक करून काढायला लागलात. बराच वेळ तेच करत होतात. मग म्हणालात, "ते दिंड फुटलं नव्हतं गं. जराशी कड सुटली होती. मी तरीही बोललो." आणि थोड्या वेळाने, "ती असती तर तिला एकदा करून वाढलं असतं." आमच्यासाठी तुम्ही खिचडी टाकायला सांगितलंत, आणि तो भोपळ्याचा आणि पारीचा सगळा लगदा स्वतःच्या ताटात घेतलात. मला ते दिसलं. आईने काय केलं होतं तेही त्या क्षणी आठवलं. तरी मी वाकले नाही. मी तुमचीच मुलगी होते ना.

त्यानंतर तुम्ही खाली जायचं बंद केलंत. बाईने दोनदा बेल वाजवली, तुम्ही आत झोपल्याचं सोंग घेतलंत. आणि पुढच्या मंगळवारी, मी बूट घालत असताना, तुम्ही पॅसेजमध्ये येऊन उभे राहिलात. तुमच्याकडे कधी नव्हती अशी चुळबुळ. "एक विचारायचं होतं. इथलं सरकार मुदत वाढवून देतं का? महिना-दोन महिने. मग मी जाईन." मी विचारलं, का हो? तिकडे काय झालं? तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "तिकडे तिचं स्वयंपाकघर आहे. मला आत पाऊल टाकायला धीर होत नाही. इथे जमतंय. अजून थोडं शिकलो असतो, म्हणजे तिथे गेल्यावर..." वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत. लेकीच्या घरी स्वतःचा शिधा घेऊन येणारा माणूस लेकीकडे अजून दोन महिने मागत होता. याच्यामागे किती रात्रींचा विचार असेल ते मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणाले, "बघते. आउसलेंडरआम्टमध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑफिसात, जाऊन विचारावं लागेल."

गुरुवारी मी अर्धी रजा घेतली. दुपारी घरी आले आणि तुम्हाला सांगितलं, जाऊन आले, नाही म्हणाले. पाहुण्यांच्या व्हिसाला मुदतवाढ नाही, फार मोठं आजारपण वगैरे असलं तरच. काउंटरवरची बाई चांगली होती, पण नियम आहे. मी हे इतकं तपशिलात सांगितलं की माझं मलाच खरं वाटलं. तुम्ही लगेच म्हणालात, "नियम म्हणजे नियम. सरकारी नोकरीत जन्म गेला माझा, मला नको सांगू. तू उगीच रजा घालवलीस." वर मलाच समजावलंत, "वाईट वाटून घेऊ नकोस." संध्याकाळी बॅग काढून बसलात. निघायच्या आदल्या दिवशी खाली जाऊन बाईचा निरोप घेऊन आलात. ती रडली म्हणालात. म्युनिकच्या विमानतळावर तुम्ही जावयांना म्हणालात, "हिच्या हाताला वरचेवर भेगा पडतात, भांडी तुम्ही घासत जा." ते म्हणाले, "हो, अण्णा, घासतो." ते आजही घासतात.

पुढच्याच चैत्रात तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली आणि माझ्याबरोबर आत आल्या. मधल्या खोलीत तुमची खुर्ची, खाट, औषधं. हात धुवायच्या बेसिनपाशी खानावळीचा डबा उपडा घातलेला, शेजारी साबणाची वडी आणि नारळाची शेंडी. काकू म्हणाल्या, "डबा रोज इथेच घासायचे गं. चहालासुद्धा आमच्याकडे यायचे. मी म्हटलं, भावजी, गॅस आहे ना आत. तर म्हणाले, हो, करू हळूहळू." स्वयंपाकघराच्या दाराला वरून कडी होती. काढायला जोर लावावा लागला, गंजली होती. आत आईचं सगळं जिथल्या तिथे, वर धुळीचा थर. तुमचं तिथे एकही बोट लागलं नव्हतं. काकू मला शोधत आत येईपर्यंत मी ओट्याला टेकून खाली बसले होते. त्यांना वाटलं, मी आईसाठी रडतेय.

ती इटालियन बाईही गेली. मी तिच्याकडून शेवटी शिकून घेतल्या तोर्तेलोनी, वर्षातून दोनदा करते. बऱ्या होतात. कडा तुमच्यासारख्या जमत नाहीत. तुमच्यावरचा राग गेला का, असं विचाराल तर, सगळा नाही गेला. त्या नागपंचमीचा अजून आहे. पण त्याच्याहून मोठं काहीतरी मी स्वतः करून ठेवलंय, त्यामुळे तुमच्यापुढे तो काढायला तोंड उरलेलं नाही.

तो गुरुवार. मी राटहाउसमध्ये, म्हणजे ते ऑफिस असलेल्या नगरपालिकेच्या इमारतीत, गेले होते, हे खरं. तुमचा पासपोर्ट, इन्शुरन्सचे कागद, सगळं फाइलमध्ये होतं. यंत्रातून नंबर काढला आणि बाकावर बसले. माझ्यापुढे चार जण होते, मग तीन, मग दोन. आतलं दार उघडं होतं आणि काउंटरवरची बाई दिसत होती. ती एका म्हाताऱ्या जोडप्याशी बोलत होती, हसून, वाकून, त्यांचे कागद नीट लावून देत. माझा नंबर लागायला एक जण उरला तेव्हा मी उठले, बाहेर आले आणि समोरच्या बेकरीत दुपारपर्यंत बसून राहिले. तुम्हाला जे तपशील सांगितले ते तिथे कॉफी पिताना जुळवले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या जावयांनाही नाही. आताही ते पलीकडच्या खोलीतून विचारताहेत, काय लिहितेस, आणि मी म्हणाले, काही नाही, सामानाची यादी. हे कागद ते उठायच्या आत मी फाडून टाकणार आहे.

कदाचित ती नाहीच म्हणाली असती, अण्णा. बहुतेक नाहीच म्हणतात. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, ही हो म्हणेल. म्हणून मी उठले.